इन्फ्रारेड फिल्मवरील सूक्ष्म छिद्रें

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी भरून वाहूं लागली म्हणजे पाणीमहालाच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळूं लागतात. हें दृश्य वर्षांतून थोडेच दिवस लाभतें. विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं शोधलेल्या अदृश्य अवरक्त किरणांनीं, म्हणजे इन्फ्रारेड फिल्मवर, तें टिपलें असतां झाडांचीं पानें पांढरीं शुभ्र आणि निळें आकाश जवळजवळ काळें उमटतें. अशी फिल्म आतां दुर्मिळ आहे. कोडॅक कंपनीनें आपली फिल्म २००७ सालीं बंद केली. एवढ्या कष्टानें मिळविलेल्या चित्रांत पांढऱ्या पानांवर काळे ठिपके निघाले, तर पुढील पावसाळ्याची वाट पाहावी लागते.

घरीं फिल्म धुण्याचें काम महाराष्ट्रास नवें नाहीं. ‘राजा हरिश्चंद्र’ या १९१३ सालच्या चित्रपटाच्या वेळीं दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरींच फिल्मच्या कडेस छिद्रें पाडीत व फिल्म धूत. तीं छिद्रें हवीं होतीं. हीं मात्र नकोशीं असतात.

उपायापूर्वीं दोष ओळखावा. निगेटिव्हवरील छिद्रांतून प्रकाश सरळ पलीकडे जातो, म्हणून कागदावर काळा ठिपका पडतो. निगेटिव्हवर धुळीचा कण असेल, तर ठिपका पांढरा पडतो व तो काळ्या आकाशांत डोळ्यांत भरतो. निगेटिव्ह भिंगाखालीं तिरप्या उजेडांत धरावी. खळगा दिसल्यास वरचें आवरण उडालेलें असतें. आवरण शाबूत असून डाग गोल असेल, तर तो बहुधा हवेच्या बुडबुड्याचा. वेडावांकडा असेल, तर चित्र टिपतांना फिल्मवर बसलेल्या धुळीचा समजावा.

धुळीसाठीं कॅमेऱ्याचा आंतील भाग मऊ कुंचल्यानें झाडावा. बुडबुड्यांसाठीं डेव्हलपर ओततांच डबा ओट्यावर दोनतीनदां हलकेच आपटावा. खळग्यांचें कारण निराळें आहे. कांहीं डेव्हलपरमध्यें धुण्याचा सोडा असतो. तो फुगलेल्या जिलेटिनमध्यें मुरलेला असतांना फिल्म तीव्र आम्लाच्या पाण्यांत घातली, तर कार्बन डायऑक्साइड वायूचे फुगे उठतात व आवरण फोडतात. म्हणून आम्ल अगदीं सौम्य घ्यावें, किंवा साध्या पाण्यानेंच फिल्म दोनतीनदां खळबळून मग हायपोंत घालावी. सोड्याऐवजीं टांकणखार असलेला डेव्हलपर घेतल्यास ही भीति उरत नाहीं.

या भागांतील उन्हाळ्यांत नळाचें पाणी तापतें आणि तापल्या पाण्यांत जिलेटिन मऊ पडून सहज दुखावतें. माठांतील गार पाणी परातींत घेऊन त्यांत सर्व बाटल्या ठेवाव्या. उष्णता २० अंशांच्या आसपास असावी. तें न साधल्यास निदान डेव्हलपर, हायपो व धुण्याचें पाणी यांची उष्णता एकसारखी असावी. विहिरीच्या पाण्यांत क्षार व गाळ असतो, म्हणून तें गाळून घ्यावें आणि शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यानें करावी.

छिद्र पडलेंच, तर निगेटिव्ह पूर्ण वाळल्यावर बारीक टोंकाच्या कुंचल्यानें रंगाचा जवळजवळ कोरडा ठिपका छिद्रावर ठेवावा. रंग गडद झाला तरी चालेल. कागदावर मग काळ्याऐवजीं पांढरा ठिपका येईल आणि तो राखी रंगानें शेजारच्या छटेशीं मिळवितां येईल. कागदावरचा काळा ठिपका खरवडून काढण्यापेक्षां पांढरा ठिपका भरणें पुष्कळ सोपें असतें. लहान, ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर मात्र कुंचलाच छिद्रापेक्षां मोठा ठरतो. तेथें संगणकावर प्रत सुधारणें बरें. परंतु त्यानें मूळ निगेटिव्ह सुधारत नाहीं, आणि पुढील फिल्मही वांचत नाहीं.

म्हणून नवशिक्यानें अंगणांतील कडुनिंबावर एक साधी फिल्म खर्ची घालावी, ती आपल्याच पाण्यांत धुवावी, भिंगानें तपासावी, आणि ती स्वच्छ निघाल्यावरच मोलाच्या फिल्मला हात घालावा.