कुंडींतला उंच वड

पनवेलला लागून असलेल्या करंजाड्यांत सिडकोच्या आखणीप्रमाणें इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि अंगणाच्या जागीं लोकांच्या वांट्याला चार हातांचा सज्जा आला. अशा एखाद्या सज्ज्यांत भिंतीच्या भेगेंतून उपटून डब्यांत लाविलेलें वडाचें रोप असावें, ही कल्पना श्रोत्यांना अवघड नाहीं. पांच-सहा पावसाळ्यांत तें छताला टेकतें, खालचीं पानें गळतात, मुळें भोंकांतून फरशीवर पसरतात, आणि घरांत वाद सुरू होतो. वड तोडण्यास मन घेत नाहीं आणि ठेवण्यास जागा नसते. मग कोणीतरी बोनसायचें नांव काढतो.

बोनसाय म्हणजे उथळ तबकांत लाविलेलें झाड; आपल्याकडे त्याला वामनवृक्षही म्हणतात. चीनमधून ही कला जपानांत गेली. झाडाला उपाशी ठेवून खुजें करतात, ही समजूत मात्र निराधार आहे. उपाशी झाड वांकडें होत नाहीं, तें मरतें.

अवाढव्य झालेलें झाड नवशिक्याला वाटतें तितकें वाईट नसतें. फांद्या दोन-तीन वर्षांत घडवितां येतात. जाड बुंधा उथळ कुंडींत सहसा तयार होत नाहीं, आणि येथें तो आयता मिळालेला असतो. म्हणून प्रथम कात्री बाजूस ठेवून वरची माती बोटांनीं उकरावी आणि मुळें बुंध्यापासून कोठें फांकतात तें पाहावें. झाडाची खरी सुरुवात तेथून होते.

त्या ठिकाणीं बुंध्याची जी जाडी असेल, तिच्या साधारण सहापट उंची शोभते. तेवढ्यावर, एखाद्या खालच्या फांदीच्या किंचित् वर, जूनच्या पहिल्या सरींनंतर करवतीनें तिरपा काप घ्यावा. चीक वाहतो, तो ओल्या फडक्यानें टिपावा, अंगाला लागूं देऊं नये. वड, उंबर, नांदरूक यांच्या उघड्या खोडावरही फुटवे येतात, त्यामुळें हें धाडस चालतें. मोरपंखी किंवा पाइन यांच्या बाबतींत तें करूं नये. पानें नसलेल्या जुन्या लांकडावर त्यांना सहसा पालवी येत नाहीं. झाड आधींच मरगळलेलें असेल तर एक वर्ष फक्त ऊन आणि खत द्यावें.

याच सुमारास वटपौर्णिमा येते आणि बाजारांत वडाच्या ओरबाडलेल्या फांद्या विकावयास बसतात. सज्ज्यांतल्या जिवंत वडाची पूजा त्याहून किती बरी! शिवाय छाटलेले शेंडे दमट हवेंत मातींत खोंचले तर पुष्कळदां मुळें धरतात.

पहिल्या वर्षीं एवढेंच करावें. नवशिक्याचें झाड मरतें तें बहुधा त्याच्या उत्साहानें: एकाच रविवारीं शेंडा कापला, मुळें छाटलीं, तार गुंडाळली, झाड चिनी मातीच्या बिनभोंकी भांड्यांत बसविलें आणि दूरदर्शनच्या संचाशेजारीं मांडलें. पंधरा दिवसांत पानें झडतात.

मुळांची पाळी दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडीं. खालीं सरळ जाणारीं जाड मुळें कापावींत, तंतुमय मुळें राखावींत. एकंदर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काढूं नये. कोंकणची लाल माती एकटी वापरली तर ती पावसांत थापली जाते. म्हणून तींत चाळलेला विटेचा चुरा, जाड रेती व थोडें कुजलेलें शेणखत मिसळावें. भोंकांवर जाळी ठेवून झाड तारेनें कुंडीला बांधावें, कारण हलणारें झाड मूळ धरीत नाहीं. त्यानंतर महिनाभर खत नको.

फुटव्याला पांच-सहा पानें आलीं कीं दोन ठेवून खुडावा. वळण देण्यास अॅल्युमिनियमची तार फांदीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी जाड घ्यावी. पावसाळ्यांत फांदी झपाट्यानें फुगते आणि सालींत तार रुतली तर वळ वर्षानुवर्षें राहतो. दर आठवड्यास पाहून ती वेळींच तुकडे करून काढावी, उलगडूं नये.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबानें जपलेला, १६२५ पासून घडविला जाणारा एक पाइन ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबाँबमधून वांचला. १९७६ सालीं तो अमेरिकेस भेट दिला गेला आणि आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. इतक्या वर्षांत त्याला रोज कोणीतरी पाणी घातलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. करंजाड्याच्या सज्ज्यांतही एप्रिल-मे महिन्यांत उथळ कुंडी एका दिवसांत सुकते. घरचीं माणसें सुटींत गांवीं निघालीं, तर निघण्यापूर्वीं शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन सकाळ-संध्याकाळच्या पाण्याची व्यवस्था करावी.