ऐकणे हाही उपचारच

(गडचिरोली येथे वैद्यकीय व परिचर्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. लोकांना बोलते करणे आणि त्यांचे ऐकून घेणे हा माझा व्यवसाय. तेवढ्याच अधिकाराने आज बोलतो आहे.

रुग्णाशी कसे बोलावे, याचा वस्तुपाठ याच जिल्ह्यात घडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे 'सर्च' संस्थेचे कार्य आरंभले. आदिवासींना दवाखान्याचे भय का वाटते, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे मार्मिक होती. पांढरे वस्त्र तर मृतावर घालतात. मग पांढऱ्या कपड्यांतली माणसे जीव कसा वाचवणार? नातलगांना रुग्णाजवळ राहू का देत नाहीत? आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून हसणे सोपे होते. बंग दाम्पत्याने त्यांतूनच रुग्णालयाचा आराखडा घडविला. शोधग्रामात आदिवासी वस्तीसारख्या कुटी उभ्या राहिल्या, नातलगांना सोबत राहण्याची सोय झाली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. तिकडे हेमलकशात १९७३पासून डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा आत्मसात करीत रुग्णसेवा केली.

आपण म्हणाल, दाराशी रांग लागलेली असताना बोलायला वेळ कुठला? सिकलसेलचेच उदाहरण घ्या. या आजाराचा वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे न उलगडता 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द उच्चारून कागद हाती दिला, तर निरोगी मुलगी गावाच्या दृष्टीने रोगी ठरते. तिचे जुळत आलेले लग्न मोडू शकते. वाचविलेल्या दोन मिनिटांचे मोल कोणी दिले, याचा विचार करा.

संवाद हा काही जन्मजात स्वभावगुण नव्हे. टाके घालण्यासारखाच तो सरावाने साधतो. २०१९च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचे शिक्षण समाविष्ट झाले. चंद्रपुरात २०१५ साली आणि गडचिरोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. येथील विद्यार्थ्यांनी हा विषय गोंडी, माडिया बोलणाऱ्या आशा भगिनींकडून शिकावा, असे मला मनापासून वाटते.

एक छोटा प्रयोग उद्यापासूनच करा. 'समजले ना?' असे विचारू नका. संकोचापोटी रुग्ण मान डोलावतो. त्याऐवजी म्हणा, 'बाबा, घरी गेल्यावर या गोळ्या कशा घ्याल, ते मला सांगा.' तो चुकला, तर समजा की आपले सांगणे अपुरे पडले. आणि न रागावता पुन्हा सांगा. रानवाटा तुडवीत आलेल्या माणसाचा एवढा अधिकार आहेच.