शेतकऱ्यानेही सुट्टी घ्यावी : चार दिवस कर्नाटकात
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आज मी खतांच्या मात्रा सांगणार नाही. चार दिवस शेत सोडून जा, असे सांगायला उभा आहे. हसू नका. पोळ्याला आपण बैलाला विसावा देतो, जमीन पड ठेवतो. स्वतःला आणि घरधनिणीला मात्र सुट्टी ठाऊक नाही. माझ्या वडिलांचा प्रवास बाजार, वारी आणि सोयऱ्यांची लग्ने एवढाच झाला. ते गेल्यावर मी आईला हंपी दाखवली. वडील राहून गेले, ही बोच आहे म्हणून हा विषय.

कर्नाटक आपल्या शेजारी. सोलापूरहून रेल्वेने विजयपूर, म्हणजे आपले जुने विजापूर, तेथून गदगमार्गे होसपेट. विजयपूरला मुहम्मद आदिलशहाचा गोलघुमट पाहा. घुमटाखालच्या सज्जात भिंतीशी केलेली कुजबूज समोरच्या टोकाला ऐकू येते. वाटेत बदामीची सहाव्या शतकातील लेणी आहेत. पण खरा मुक्काम हंपीलाच करा.

विजयनगरचे राज्य १३३६ मध्ये स्थापन झाले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर ही राजधानी लुटली गेली. राजवाड्यांचे आज चौथरे उरले आहेत. विठ्ठल मंदिरातील दगडी रथ तुम्ही पन्नासच्या नोटेवर पाहिलाच आहे. मात्र शेतकऱ्याने पाहावा तो तुर्तू कालवा. तुंगभद्रेवर दगडी बंधारा घालून विजयनगरच्या काळात काढलेला हा कालवा आजही त्या पडक्या नगरीतून वाहतो आणि भाताला, केळीला पाणी देतो. राजे गेले, पाण्याची पाळी चालू आहे! आमच्या कोरडवाहू गावात जन्म काढलेली आई त्या काठावर पाय पाण्यात सोडून तासभर बसली. देवळे पाहायला उठेचना.

जवळच १९५३ मध्ये पूर्ण झालेले तुंगभद्रा धरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा १९ क्रमांकाचा दरवाजा साखळी तुटून वाहून गेला होता. बांधकाम नवे असो वा जुने, देखभाल लागतेच, हे तुमच्या शेततळ्यालाही लागू आहे. (सुट्टीतही मास्तरकी सुटत नाही, क्षमा असावी.)

पावसाळ्यात सवड असेल, तर शरावतीचा सुमारे २५० मीटर उंचीचा जोगचा धबधबा पाहा. उन्हाळ्यात तेथे पाणी फार कमी असते. चिकमगळूरच्या डोंगरात सावलीतली कॉफी आणि झाडांवर चढवलेली मिरी पाहायला मिळते.

हंपीला जायचे केव्हा? खरिपाची मळणी आटोपल्यावर, गव्हाच्या दोन पाण्यांच्या मध्ये. डिसेंबर-जानेवारीत ऊनही सोसवते. गोठ्याचे काय, असे विचाराल. शेजाऱ्याशी सावड करा. यंदा तो तुमची जनावरे पाहील, पुढच्या वर्षी तुम्ही त्याची. पीककर्जाच्या पैशातून मात्र मुळीच जाऊ नका. आणि एकट्याने किंवा मित्रमंडळाबरोबर नको, दोघांनी जा. धुरी-चूल, धारा, खुरपणी यांतून बाईला रविवारही मिळत नाही.

हंपीत चालणे पुष्कळ आहे. पायात रुळलेल्या जुन्या चपला घाला, पाणी जवळ ठेवा आणि सकाळी लवकर निघा.