एका घरट्यात किती राण्या?

  सेवाग्रामच्या या विज्ञानशिक्षकांच्या सभेत अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तो छापील अहवालात आलाच आहे. मला अनेक वर्षे साठलेली एक तक्रार मांडायची आहे. मुंग्यांच्या वसाहतीत राणी एकच असते, हे आपण मुलांना अजूनही घोकायला लावतो.

काही मुंग्यांपुरते ते खरे आहे. पंखवाली मादी उडते, मीलन होते, मग पंख झाडून ती जमिनीत शिरते. उड्डाणाचे स्नायू आणि अंगातली चरबी जिरवून ती पहिली पिल्ले वाढवते. मीलनाच्या वेळी साठवलेले शुक्राणू तिला जन्मभर पुरतात, आणि तो जन्मही थोडाथोडका नसतो. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक पाळीव राणी 28 वर्षांहून अधिक जगली. पण याच जातीच्या राण्या पुष्कळदा दोघी-तिघी मिळून बीळ धरतात आणि एकत्र अंडी घालतात. कामकरी मुंग्या बाहेर आल्या की झुंज लागते आणि शेवटी एकच राणी उरते. मोठ्या वसाहतीत दिसणारी एकटी राणी पहिल्या दिवसापासून एकटी होती, असे म्हणता येत नाही.

कित्येक जातींत राण्या कायमच्या एकत्र नांदतात. हे नांदणे गोडीगुलाबीचेच असते असे नाही. अर्जेंटिनाच्या मुंगीत दर वसंतात कामकरी मुंग्या सुमारे नव्वद टक्के राण्या मारून टाकतात. हे 1989 साली प्रसिद्ध झाले. आगमुंगीच्या एका जातीत काही वसाहती एकराणी, तर काही अनेकराणी असतात. हा फरक एका गुणसूत्रावर ठरतो, हे 2013 साली उलगडले.

अनेक राण्या हा अपवाद आहे, अभ्यासक्रमात त्याला जागा कशाला, असा सूर कालच्या चर्चेत निघाला. उत्तरादाखल वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेचे कोठार सांगतो. तिथे बारीक पिवळ्या फॅरो मुंग्या झाल्या होत्या. राणी मेली की वसाहत संपते, अशा हिशेबाने भिंतीच्या फटीत औषध फवारले गेले. काही दिवसांतच मुंग्या शेजारच्या वर्गांतून आणि स्वयंपाकघरातून निघू लागल्या. या जातीत राण्या अनेक असतात. धोका दिसताच राण्या, अंडी आणि कामकरी यांच्या टोळ्या फुटून नवी घरटी करतात. पुढे साखरपाण्यात थोडी बोरिक पावडर मिसळून ठेवली. कामकरी मुंग्यांनी ती स्वतःच राण्यांपर्यंत नेली आणि उपद्रव थांबला. पाठातले वाक्य चुकीचे असले की उपायही चुकतो, एवढे या वादाला पुरे आहे.

आणि भारतातल्या मुंग्या तर पाठातली चौकटच मोडतात. निसर्गअभ्यासक जर्डनने 1851 साली नोंदवलेल्या उडी मारणाऱ्या मुंगीत राणी गेली की कामकरी मुंग्या मिशांनी झुंजतात. जिंकलेल्या काही जणी अंडी घालू लागतात आणि त्यांचे आयुष्य काही महिन्यांवरून काही वर्षांवर जाते. डायाकॅम्मा या मुंगीत वेगळी राणी जन्मतच नाही. वरचढ कामकरी इतरांचे पंखांच्या जागचे इवले अवयव कुरतडून टाकते आणि अंडी घालण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते. यातले काय मराठी पाठात आहे?

मन खंतावते ते यामुळे. निसर्गअभ्यासक साईक्सने पुण्याच्या दाणे साठवणाऱ्या मुंग्यांवर 1835 साली लिहिले. मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉटन याने 1892 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘आवर अँट्स’ ही लेखमाला छापली. आपल्या मुलांना मात्र अंगणातली मुंगी माहीत नाही. हातच्या कामातून शिकण्याची नयी तालीम 1937 साली याच वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली, आणि इथेच आपण न पाहता घोकतो!

विदर्भातल्या शाळांनी पावसाळी उड्डाणांची नोंदवही ठेवावी आणि मराठीत मुंग्यांची ओळखपुस्तिका व्हावी. तिचा आराखडा पुढे ठरवू. पण एका कामाला समिती लागत नाही. येत्या मृगात मुलांना बाहेर न्या, पंख झडलेल्या माद्या दाखवा, एका बिळात किती शिरतात ते मोजायला लावा, आणि पाठातले ते वाक्य वर्गातच दुरुस्त करून घ्या.