टोपलीतलं घड्याळ

(मिशनच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



टेबलावर ठेवलेली ही बांबूची टोपली प्रसादाची नाही. ते घड्याळ आहे. आतल्या कडेला दिवे लागलेत ना, त्यातला तांबडा तास दाखवतो, हिरवा मिनिट आणि निळा सेकंद. जरा निळ्या दिव्याकडे बघत राहा. तो तुमच्या मनगटावरच्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतो आहे. मघाशी एका कार्यकर्त्याने मला हळूच विचारलं, "सर, बिघडलं का?" त्याचं उत्तर द्यायलाच मी उभा आहे.

एटापल्ली तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहात मी सुट्टीच्या दिवशी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तिथलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, तेव्हा नवं आणण्याऐवजी आपणच करू असं ठरलं. सामान थोडंच लागतं. एका मीटरला साठ एलईडी असलेली पट्टी मिळते. ती गोल वाकवली की साधारण ३२ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ होतं, म्हणजे बरोबर एका टोपलीच्या मापाचं. दिवे साठ आणि मिनिटंही साठ. पट्टीतल्या प्रत्येक दिव्यात बारीकशी चिप असते. पंगतीत वाढप्याकडून आलेली पत्रावळ पहिल्याने स्वतःला ठेवून बाकीच्या पुढे सरकवाव्यात, तसा पहिला दिवा आपला निरोप ठेवून उरलेला पुढच्याला देतो. त्यामुळे साठ दिव्यांना निरोपाची वायर एकच पुरते. निरोप देणारा आहे आर्डुइनो नॅनो हा बोटभर बोर्ड, आणि वेळ सांभाळणारी डीएस ३२३१ ही वेगळी चिप. तिच्यातलं स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात साधं स्फटिक मागे पडू लागतं. ही चिप मात्र स्वतःचं तापमान मोजून चूक सुधारते, त्यामुळे वर्षाकाठी फरक पडला तर मिनिट-दीड मिनिटाचा. वीज गेली की दिवे विझतात, पण बटनाएवढ्या सेलवर वेळ आतल्या आत चालू राहते. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको.

साठही दिवे पूर्ण पांढरे लावले तर साडेतीन अँपियरहून जास्त वीज ओढतात. आमचे तीनच ठळक आणि बारा अगदी मंद, त्यामुळे मोबाईलचा जुना चार्जर पुरतो.

पट्टी मुलांनी चिकटवली. तिच्यावर बारीक बाण छापलेले असतात, निरोप कुठून कुठे जाणार ते दाखवणारे. ते बघायचे राहून गेले. चूक माझी, कारण डिंकाची बाटली माझ्याच हातात होती. वायर जोडली, दिवे लागले, आणि निळा दिवा वरून निघून डावीकडे उतरू लागला. मुलं हसली. मी म्हणालो, "थांबा, उलटं झालंय. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली की सुलट होईल."

सहावीतली एक मुलगी, जी माझ्याशी कधी आपण होऊन बोलत नव्हती, ती म्हणाली, "सर, उलटं नाही ते. आमच्या आजाची घडी अशीच आहे."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्याच वर्षी मी मुलांची चाचणी घेतली होती. कार्डावर नुसते काटे छापलेले, आकडे नाहीत. सव्वातीनच्या कार्डाला या मुलीने पावणेनऊ म्हटलं होतं. बाकी उत्तरंही अशीच. मी तिच्या नावापुढे "घड्याळ वाचता येत नाही" असं लिहिलं, आणि तीच नोंद मिशनच्या अहवालात गेली. त्या नोंदीमुळे ती काही महिने तिसरीच्या मुलांबरोबर बसत होती. त्या दिवशी मी जुनी वही काढली. सव्वातीनचं घड्याळ आरशात धरलं तर काय दिसतं? पावणेनऊ. तिची सगळी उत्तरं तशी तपासली. एकही चुकलेलं नव्हतं.

शाळेत येण्याआधीच ती घड्याळ वाचायला शिकली होती, आजोबांच्या खाटेवर बसून. आम्ही ते विचारलंच नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गोंड समाजात डावीकडे फिरणारी घड्याळं वापरतात, महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्येही. बारा वरच, पण एक डावीकडे. ही घड्याळं काही फार पुरातन नाहीत. यंत्र तेच, फक्त उलटं चालणारं. पण त्यामागचा विचार जुना आहे. मुलीच्या गावातले गायता मला म्हणाले, वेल झाडावर कशी चढते बघा, आमच्या नाचाचं रिंगण कसं फिरतं बघा. मी नंतर वाचलं, आणि वेलीबाबत म्हातारा बरोबर होता. गुंडाळत चढणाऱ्या बहुतेक वेली वरून पाहिल्यास डावीकडेच वळतात. उत्तर ध्रुवावरून पाहिलं तर पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती त्याच दिशेने फिरते.

मग आपलं नेहमीचं घड्याळ उजवीकडे का फिरतं? कारण ते उत्तर गोलार्धात जन्मलं, सावलीच्या घड्याळातून. तिकडे सकाळची सावली पश्चिमेला, दुपारची उत्तरेला, संध्याकाळची पूर्वेला. काट्याने सावलीची नक्कल केली. दक्षिण गोलार्धात सावली उलट फिरते. बोलिव्हिया देशाने २०१४ च्या जूनमध्ये ला पाझ इथल्या संसद भवनावरचं घड्याळ याच कारणासाठी डावीकडे फिरणारं केलं, तेव्हा जगभर त्याची बातमी झाली.

हे मी मुलांना सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "पण सर, आपली सावली कुठे जाते?" मी म्हणालो, आपण उत्तर गोलार्धात, म्हणजे उजवीकडे. तो म्हणाला, "पाहिलं का तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. जूनचा शेवटचा आठवडा होता, शाळा नुकती उघडलेली, पाऊस रेंगाळलेला. अंगणात पाच फुटी बांबू ओळंब्याने सरळ रोवला. अकरा वाजल्यापासून दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक गोटी ठेवायची. साडेअकरापर्यंतच माझा चेहरा पडला. सावली पश्चिमेकडून दक्षिणेकडे सरकत होती. बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी ती वीतभरही उरली नाही, आणि होती थेट दक्षिणेला. मग पूर्वेकडे वळली. म्हणजे डावीकडे, आजाच्या घडीसारखी!

त्यात चमत्कार काही नाही. आपले दोन्ही जिल्हे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. चंद्रपूरला २० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि भर दुपारचे काही तास सावली उलट फिरते. बाकी दहा महिने ती पुस्तकाप्रमाणे वागते. मी चाळीस वर्षं या उन्हात वावरलो, पण जूनमध्ये दुपारी बाराला अंगणात उभं राहून खाली कोण बघतो?

घड्याळ तसंच डावीकडचं ठेवावं असं मुलांचं मत पडलं. वसतिगृहाच्या ताईंचा विरोध होता, आणि तो खोटा नव्हता. त्या म्हणाल्या, "परीक्षेच्या हॉलमध्ये हे घड्याळ नसतं. बसस्टँडवर नसतं. मुलगी एटापल्लीहून सुटणारी गाडी चुकवेल, तेव्हा तिला वेलीचं उदाहरण देणार का?" गावातूनही दोन सूर आले. काही पालकांना अभिमान वाटला. एका बापाने स्पष्ट सांगितलं, आमचं आम्ही घरी शिकवू, तुम्ही बाहेरचं शिकवा.

शेवटी मुलांनीच मार्ग काढला. एक बटन बसवलं. दाबलं की दिशा बदलते. उजवीकडे फिरवायला साठातून मिनिट वजा करायचं, एवढंच. पण त्यातही एक गंमत झाली. दर तासाच्या सुरुवातीला हिरवा दिवा मिनिटभर गायब! मी वायर तपासत बसलो. साठातून शून्य गेले साठ, आणि पट्टीतले दिवे शून्य ते एकोणसाठ या क्रमांकांचे, साठावा दिवाच नाही, हे एका आठवीतल्या मुलाने कागदावर मांडून दाखवलं. साठने भागून बाकी घेतली की काम झालं.

आता ती मुलगी दोन्ही घड्याळं वाचते. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत घड्याळाच्या आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न येतात. आम्ही मुलांना अकरा वाजून साठ मिनिटांतून वेळ वजा करायची युक्ती शिकवतो. तिला युक्ती लागत नाही. मोठ्या मुलीही कार्डं घेऊन तिच्याकडे येतात. तिची जुनी नोंद मी खोडून दुरुस्त केली आहे, आणि यंदाच्या अहवालात ती दुरुस्ती दिली आहे. ज्यांनी आधीचा अहवाल वाचला त्यांनी कृपया ती पाहावी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आणखी चार टोपल्या करायच्या आहेत, दोन वसतिगृहासाठी आणि दोन गावांतल्या समाजघरांसाठी. टोपल्या गावातच विणून मिळतील. चार्जर मात्र लागतील, पाच व्होल्ट, दोन अँपियरचे, वायर न तुटलेले. तुमच्या कपाटात पडलेले असतील तर जाताना दाराशी ठेवलेल्या खोक्यात टाका. आणि बटन दाबून बघायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी या. मुलं दाखवतील.