सतरा वर्षांचा रोगी



सोळा ते एकोणीस हे वय निरोगी, असा आपला सर्वांचा समज आहे. गोवर-कांजिण्या मागे पडलेल्या असतात, मधुमेह-रक्तदाब दूर असतात. मुलांच्या डॉक्टरकडे जाण्याचे वय सरलेले असते आणि मोठ्यांच्या डॉक्टरकडे एकट्याने जाण्याइतके मूल मोठे झाले, हे आपण मानीत नाही. या वयाला जणू दवाखानाच नाही!

मुलगी कॉलेजातून येते ती पडून राहते. जिना चढताना तिला धाप लागते. आपण म्हणतो, "आळशी झाली!" आता २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पाहा. भारतातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शेकडा ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलांतही हे प्रमाण शेकडा ३१ होते. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो पुष्कळदा रक्तातील लोहाचा तुटवडा असतो. रक्ताची एक साधी तपासणी केली, तर मुलीवरचा आळशीपणाचा आरोप कदाचित मागे घ्यावा लागेल. पाळीत रक्तस्राव फार होतो, ही गोष्ट तिने आईलाही सांगितलेली नसते.

या पिढीला प्रकृतीची पर्वा नाही, असे म्हणणे खरे नव्हे. दंड भरावेत, चेहऱ्यावरचे फोड जावेत, वजन उतरावे, याची चिंता त्यांना रात्रंदिवस असते. फक्त ती चिंता ते आरशाला सांगतात, नाही तर मोबाइलला विचारतात. आपल्याला विचारीत नाहीत. का विचारीत नाहीत? डॉक्टर प्रश्न विचारतात मुलाला आणि उत्तर देते आई! झोप लागत नाही, मन उदास असते, मित्राने सिगारेट दिली, हे वडिलांच्या देखत कोण बोलेल? मग "काही नाही" एवढेच उत्तर मिळते.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. जे प्रश्न घरात उच्चारता येत नसत, ते वाचक त्यांना विचारीत. विचारण्याची लाज वाटणार नाही अशी एक जागा त्यांनी निर्माण केली, हे त्यांचे मोठे कार्य.

आज तशा जागा सरकारनेही काढल्या आहेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला; त्यात या वयासाठी स्वतंत्र सल्ला-केंद्रांची योजना आहे. मनाच्या दुखण्यासाठी २०२२ पासून १४४१६ हा दूरध्वनी आहे. परंतु घरातले दार बंद असेल, तर बाहेरच्या दारापर्यंत मूल पोचावे कसे?

म्हणून आमचे मागणे अगदी लहान आहे. पुढच्या वेळी मुलाला किंवा मुलीला घेऊन डॉक्टरकडे जाल, तेव्हा पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसा. आत काय बोलणे झाले, ते परतीच्या वाटेवर खोदून विचारू नका. जिवाला धोका असेल, तर डॉक्टर आपल्याला बोलावतीलच. बाकीचे मूल आपण होऊन सांगेल. आज नाही, तर आठ दिवसांनी.

तेवढी पाच मिनिटे आपण त्यांना द्यावीत, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.