कागदाच्या पोटात



मी साहित्याचा अध्यापक. तरीही आज वनस्पतींच्या तंतूंविषयी बोलणार आहे. कारण आपले छापील साहित्य त्या तंतूंवरच उभे आहे.

या तंतूंत मुख्यतः तीन द्रव्ये असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. १८३८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी सेल्युलोज वेगळे काढले. तंतूचे बळ ते त्याचेच. लिग्निन हा त्याला जखडून ठेवणारा डिंक. कापसात सेल्युलोज सुमारे ९० टक्के आणि लिग्निन जवळजवळ नाहीच. लाकडात लिग्निन साधारण २० ते ३० टक्के. आपल्या गोव्यातल्या नारळाच्या काथ्यात ते त्याहूनही अधिक. म्हणूनच सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो.

प्रयोगशाळेत लिग्निन मोजताना आधी तंतूतले मेण, राळ काढून टाकतात आणि तो वाळवून त्याचे वजन करतात. मग ७२ टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात ठेवून, पाणी घालून उकळतात. सेल्युलोज विरघळते; मागे राहते ते लिग्निन. ते गाळून, वाळवून पुन्हा तोलायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसेच हे.

पण सुंभाला तारणारे हेच द्रव्य कागदाला मारते. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळे पडते, त्यातून आम्ले तयार होतात. कागदाला खळ देताना वापरलेली तुरटीही त्यात भर घालते. आम्लाने सेल्युलोजची साखळी तुटते आणि पान घडीवर मोडते. म्हणून चिंध्या-तागापासून हाताने केलेल्या जुन्नरी किंवा दौलताबादी कागदावरची पोथी आजही उलगडता येते, आणि लाकडाच्या लगद्यावर छापलेले, तिच्याहून कितीतरी अलीकडचे नियतकालिक मात्र हातात चुरते.

आपल्या मराठी वाचनालयांत अशी नियतकालिके आहेत. त्यांतल्या अनेकांची दुसरी प्रत कुठे मिळेल याची खात्री नाही. सगळ्यांचे चित्रण एकदम होणार नाही. मग आधी कोणाचे? आपण लेखकाच्या कीर्तीकडे पाहून ठरवतो. माझे म्हणणे, कागदाकडे पाहून ठरवा. गळून पडलेल्या कपच्यावर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणाचा थेंब टाकला की लिग्निन लाल होते. ही चाचणी पानावर मात्र कधीही करू नये.

रसायनशास्त्राचे सहकारी आपल्याच महाविद्यालयांत, शेजारच्या खोलीत बसतात. त्यांचे दार आपण ठोठावूया. पाठभेदांची चर्चा करायला आधी पाठ शिल्लक राहिला पाहिजे.